काकांच्या कडक फिन्स

वर्तकनगरला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका लिफ्टमध्येही पायाचे पंजे हलवत उभे असतात. डायव्हिंगचं वेड. भेटले की पायात घालायच्या फिन्सचा विषय निघणारच. "शांत पाण्यात मऊ बऱ्या रे, पण पाण्याला ओढ असली की कडकच हव्यात, पोटऱ्या भरून आल्या तरी."

मालवणला आम्ही सोबत गेलेलो. उतरण्याआधी त्यांनी पाण्याकडे बघितलं, स्वतःच्या कडक फिन्स मला घालायला लावल्या आणि माझ्या मऊ आपण घातल्या. खाली जोराची ओढ होती. मी बोटीच्या दोरापर्यंत पोचलो, काका लांब वाहत गेले. बोटीने वळसा घालून त्यांना उचललं. धापा टाकत त्यांनी विचारलं, "पोटऱ्या भरून आल्या का रे तुझ्या?"

त्या फिन्स अजून माझ्याकडेच आहेत. ते मागत नाहीत. लिफ्टमध्ये ते दिसले की मी जिन्याने जातो.