दाराबाहेरच्यांचा ठेका

बोलायला सुरुवात करण्याआधी त्या टेबलावर बोटाच्या पेरानं चार ठोके मारायच्या. मग म्हणायच्या, "बोट चुकलं तर चुकू द्या, ठेका सोडू नका." लातुरात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा टायपिंगचा वर्ग होता. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. मीही इथं तेवढंच म्हणतो.

टायपिंगच्या वर्गावरून तुम्ही कधी गेला असाल, तर नुसता खडखडाट ऐकला असेल. मॅडमच्या वर्गातून हाऊस म्युझिक ऐकू यायचं. पन्नाशी उलटलेली, कपाळावर विभूतीचा पट्टा ओढणारी उदगीरकडची बाई, आणि स्पीकरवर परदेशातल्या क्लबातलं संगीत. झालं होतं असं, की मुलींची बोटं एका लयीत पडावीत म्हणून त्या मोबाइलवर साधी टिकटिक शोधत होत्या. मिनिटाला एकशेवीस ठोके, असं लिहिल्यावर हे समोर आलं. "टिकटिकीनं पोरी पेंगायच्या," त्या सांगायच्या, "ह्यानं खांदे हलाय लागले. मग म्हटलं, हे हाय तरी कुणाचं?" आणि शोधत बसल्या. जे सापडलं ते एका दोनशेपानी वहीत मराठीत उतरवून ठेवलं.

मी वरच्या मजल्यावरच्या क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचो. आमच्याकडची रीत अशी, की दर महिन्याच्या चाचणीत जो मागं पडेल तो बॅचमधून बाहेर. त्यातल्या काही मुलींना कंधारला, देगलूरला तोंड पाडून परत जायचं नसायचं. त्या खाली मॅडमकडे नाव घालायच्या. निदान कारकुनाची जागा मिळेल, एवढीच आशा.

खालची धपधप वर यायची. आमच्या क्लासच्या संचालकांनी मला निरोप देऊन खाली पाठवलं. मॅडमनी ऐकून घेतलं, चहा पाजला, आवाज थोडा कमी केला. बंद मात्र केला नाही.

मग घरमालकांनी जिन्याखाली खुर्च्या मांडून बैठक घेतली. संचालक म्हणाले, हे नशेबाजांचं संगीत आहे, मुली शिकतात तिथं हे शोभत नाही. दोन पालकांनी माना डोलावल्या. मॅडम उठल्या. वही हातात होती, पण ती त्यांनी उघडली नाही.

त्यांनी सांगितलं, की अमेरिकेत शिकागो नावाचं शहर आहे. तिथं काळ्या पोरांना, पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांना कुणी धड दारात उभं करत नव्हतं. त्यांनी आपली वेगळी जागा धरली आणि तिथं हे संगीत जन्मलं. डेट्रॉइटला मोटारींचे कारखाने बंद पडत होते. तिथल्या पोरांनी बाजारात न खपलेली, ठेका वाजवणारी यंत्रं जुनी म्हणून स्वस्तात उचलली आणि त्यांतून टेक्नो नावाचं असंच संगीत काढलं. आज सारं जग त्यावर नाचतं, आणि कुणी केलं ते विसरतं.

संचालकांनी विचारलं, याचा लातूरशी काय संबंध?

"साहेब, हे दाराबाहेर ठेवलेल्यांचं संगीत हाय," मॅडम म्हणाल्या. "माझ्या खोलीत कोण येतं? तुम्ही दाराबाहेर काढलेल्या पोरी. त्यांच्यासाठी ह्याहून शोभणारं दुसरं काय लावू?"

घरमालक म्हणाले, संगीत बंद करा, नाहीतर खोली सोडा. मॅडम म्हणाल्या, सोडते. मला त्यांचा शब्द न् शब्द पटला होता. मी मान खाली घालून बसून राहिलो.

महिनाअखेरीला मुलींनी कीबोर्ड ओढण्यांत गुंडाळून धान्याच्या मोंढ्यामागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नेले. मॅडम सगळ्यात शेवटी स्पीकर घेऊन निघाल्या, चालू ठेवूनच.

दोन वर्षांनी त्यांची उजवी बाजू लुळी पडल्याचं कळलं, तेव्हा मी शेडवर गेलो. त्या डाव्या हातानं टेबलावर ठेका देत शिकवत होत्या. त्या बैठकीत मी गप्प बसलो, माफ करा, असं म्हणालो. त्यांनी मला धीर वगैरे दिला नाही.

"सर, माफी मला कशाला मागायलात? मला शेड मिळालं. पुढच्या चाचणीला ज्या पोरी काढाल, त्यांच्यासाठी बोला. वर बसून बोला, खाली येऊन न्हाई."

पुढच्या चाचणीनंतर नऊ मुलींची नावं फळ्यावर लागली. मी संचालकांना म्हणालो, यांना काढू नका, मी जादा तास घेतो. ते म्हणाले, नियम म्हणजे नियम. मग दहावं नाव माझं लिहा, असं म्हणालो. त्यांनी लिहिलं.

हे सांगायला मी शेडवर गेलो. संगीत चालू होतं, मुली टाइप करत होत्या. देगलूरची एक जुनी विद्यार्थिनी आता तिथं शिकवायची, ती बाहेर आली. मॅडमना भावानं नांदेडला नेलं होतं. आठवड्यापूर्वी तिथंच त्या वारल्या. मातीही तिकडंच झाली.

तिनं विचारलं, "सर, काय काम होतं?"

"नऊ पोरी हायत," मी म्हणालो. "केमिस्ट्रीला जागा पायजे."

ती आत गेली आणि कोपऱ्यातलं टेबल भिंतीकडं सरकवायला लागली.