काकू, धरा

अरुण गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी पेपरच्या कचेरीत संध्याकाळच्या पाळीवर होतो. सवयीनं कागद पुढे ओढला आणि विचारलं, "वय किती?" आई म्हणाली, "तुझ्याएवढंच की रे. एका बाकावर बसत हुते ना तुमी..." हृदयविकाराचा झटका, दुकानातच. निधनवार्ता मीच लावली, चार ओळींची : कोल्हार येथील बियाणे-खतांचे दुकानदार, मागे पत्नी, दोन मुली. त्यात चूक काही नव्हती. त्याला आता पाच आठवडे झाले. त्या ओळींत जे बसलं नाही ते अरुणच्या गाडीबद्दल आहे, आणि माझ्याबद्दल.

आई कोल्हारला एकटी राहते. तिच्या पाठीचे डॉक्टर नगरला, मीही नगरला. अरुण महिन्यातून एकदा दुकानाच्या मालासाठी नगरला यायचा. येताना आईला घेऊन यायचा, डॉक्टरांकडे तिच्याबरोबर बसायचा आणि संध्याकाळच्या आत घरी सोडायचा. सुरुवातीला मला ते सोयीचं वाटलं. पुढे मी नवी गाडी घेतली, आईच्या पाठीचा विचार करूनच मऊ चालणारी, आणि रजा टाकून तिला आणायला गेलो. ती पिशवी घेऊन ओट्यावर बसली होती. "तू कशाला रजा मोडलीस? अरुण येतोय ना." त्या दिवशी माझ्या आग्रहाखातर ती माझ्या गाडीत बसली आणि नगर येईपर्यंत झोपली. उतरताना म्हणाली, "गाडी लई भारी हाय. पन कुठून आलो ते कळलंच न्हाई." पुढच्या महिन्यात पुन्हा अरुण.

मला त्याचा हेवा वाटत होता. या भावनेला दुसरा, बरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही. आईनं चहातली साखर सोडली, तिची दाढ काढली, शेजारणीशी तिचं बोलणं बंद झालं... हे सगळं मला अरुणकडून कळायचं. बातम्या गोळा करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला स्वतःच्या आईची बातमी दुसऱ्याकडून मिळत होती, आणि ती नेहमी खरी निघायची.

दोन वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी अरुण मला कोल्हारच्या मुनीर मेस्त्रींच्या गॅरेजवर घेऊन गेला. मेस्त्रींनी त्याच्या गाडीचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. गाडी तीन-चार वेळा खालीवर होत राहिली. "बघा. चारी शॉकअप गेलेत, रबरी बुशपन कातरलेत. ही गाडी हाय का चाळणी? बदलून टाका, लोन्यावानी चालंल."

अरुण माझ्याकडे वळला. "संज्या, तू सांग. बदलू का? माझं काय न्हाई, काकूच्या पाठीसाठी म्हनत हुतो."

मी म्हणालो, "जुनी गाडी. वर्षभरात काढायचीच आहे, उगाच कशाला? आईसाठी माझी गाडी आहे की."

"ते तू तिला सांग," अरुण हसला. "मी काय, डायवर मानूस."

मेस्त्री माझ्याकडे बघत हात पुसत राहिले. अरुणनं शॉकअप बदलले नाहीत. लहानपणापासून अशा बाबतीत तो माझं ऐकायचा. माझा हिशेब साधा होता : गाडी आदळत राहील, आईची पाठ कुरकुरेल, आणि ती आपणहून माझ्या गाडीत येईल. पाठ तिची होती, हे त्या क्षणी माझ्या मनात नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

झालं भलतंच. आईनं घरून एक गोधडी दिली, वडिलांच्या जुन्या धोतराची, मी लहानपणी पांघरायचो ती. अरुणनं ती घडी करून तिच्या सीटवर घातली. आणि प्रत्येक खड्ड्याच्या आधी तो सांगू लागला, "काकू, धरा." ती खिडकीवरचा दांडा धरायची, सीटवरून जराशी उठायची, गाडी आदळून पुढे जायची. दोघांनी खड्ड्यांना नावं दिली होती. राहुरीच्या अलीकडचा सरपंच, कारण दर पावसाळ्यानंतर तो पुन्हा निवडून यायचा. विळद घाटाच्या आधीचा माझ्या नावाचा.

"माझ्या का?" मी फोनवर विचारलं.

"लांबून दिसतच न्हाई तो," आई हसत म्हणाली. "आला की मग एकदम कंबरड्यात. अरुणनं ठेवलंय, मी न्हाई."

मी शेवटचा अडसर म्हणून ठेवलेल्या त्या आदळआपटीतूनच त्यांचा रस्ता बोलका झाला होता. शॉकअप बदलले असते तर कदाचित आई त्याच्याही गाडीत झोपली असती. हेही मी बरेचदा मनाशी बोललो आहे. त्यानं मला फार दिलासा मिळत नाही. दर खेपेनंतर ती दोन दिवस पाठ शेकायची, हे मला अरुणच्या बायकोकडून परवा कळलं. आईनं मला ते कधी सांगितलं नव्हतं. शॉकअपचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. हे छापून येईल ती आमच्या पेपरची पुरवणी आई शेवटच्या पानापर्यंत वाचते.

मागच्या आठवड्यात मी तिला डॉक्टरांकडे घेऊन आलो. आता दुसरी गाडी नाही. अरुणच्या बायकोनं गोधडी धुऊन परत दिली होती, आईनं ती मागच्या सीटवर ठेवली, अंगाखाली घेतली नाही. या वेळी ती झोपली नाही. राहुरीच्या अलीकडे तिचा हात वर गेला, दांडा धरला, गाडी हलकीशी डुलली आणि हात खाली आला. तिथला खड्डा बुजवलेला होता. नंतर आणखी दोनदा तसंच. विळद घाट जवळ आला तेव्हा डोळे रस्त्यावर ठेवले. तरी माझ्या नावाचा खड्डा दिसला नाही, चाक उतरल्यावरच कळला.

"आई, धर," मी म्हणालो.

तिनं दांडा केव्हाच धरलेला होता.