दिलमायाची पाटी

नेपाळला जायचं ठरलं ते उपासनेनंतरच्या चहाच्या टेबलापाशी. ख्रिसमस होऊन गेला होता, उरलेल्या करंज्या संपवायचं काम चाललं होतं. आमचे पाळक दीपकराव कपात बिस्कीट बुडवत म्हणाले, "भाऊ, तिकडे पाल्प्याच्या डोंगराखाली कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांचा एक आश्रम आहे. भिंतींना रंग नाही, खाटांवर नावं नाहीत. हिवाळाभर येता का?"

मी काही शिकलेला मिशनरी नव्हे. आठवीत शाळा सुटली, मग इथल्या वीजयंत्रांच्या मोठ्या कारखान्यात रंगखात्यात लागलो आणि ट्रान्सफॉर्मरवर अक्षरं, आकडे रंगवत निवृत्त झालो. अक्षर कुणी शिकवलं नाही, बघून बघून हात बसला. आता दर ईस्टरच्या आधी कब्रस्तानातल्या क्रूसांवरची पुसट नावं उजळून देतो, एवढीच माझी सेवा. मी उत्तर द्यायच्या आत आमच्या सौ., एस्तेरबाई, पलीकडून बोलल्या, "त्यांना काय विचारताय? मनातल्या मनात ब्रश धुऊन झालेसुद्धा."

हा ब्लॉग लेकीने उघडून दिलाय. "बाबा, जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असं लिहा," म्हणाली. लिहितो. पण हसतखेळत वाचायचं प्रवासवर्णन हवं असेल तर इथूनच रामराम घ्या.

आमच्या आनंद नगरच्या घरून भोपाळ स्टेशन आणि तिथून गोरखपूरची गाडी. रात्र गाडीतच जाते. जानेवारीत धुकं पडलं की गाडी कधी पोहोचेल ते इंजिन ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं, तेव्हा डबा दोन वेळचा न्या. आमच्याकडे पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. समोरच्या बाकावरच्या कुटुंबाने लोणचं दिलं, पोळ्या घेतल्या, हिशेब मिटला. गोरखपूर स्टेशनच्या बाहेर सोनौलीच्या बस उभ्या असतात. सीमा पायी ओलांडायची. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवा. भारतीय शंभराच्या नोटा पलीकडे चालतात, मोठी नोट दाखवली की दुकानदार तिच्याकडे परक्यासारखा बघतो. आपलं सिम तिथे मुकं होतं.

भैरहवा, बुटवल आणि मग घाट. रस्त्याचं काम चालू होतं, एकीकडे कापलेला डोंगर, दुसरीकडे दरी, मध्ये आमची बस आणि पिठासारखी धूळ. एस्तेरने डोळ्यांवरचा पदर न काढता कंडक्टरला विचारलं, "भैया, रास्ता पूरा ऐसा ही है क्या?"

"नहीं दीदी," तो गोड हसला. "आगे खराब है।"

आश्रम रस्त्यापासून खाली, नदीच्या काठाला. पत्र्याची छपरं, मागे सालवृक्षांचं जंगल. सगळं बघणारे मोहनजी स्वतः याच रोगातून उठलेले, हाताची बोटं निम्मीच उरलेली, पण त्याच हातांनी त्यांनी आम्हाला चहा ओतून दिला. वाचणाऱ्यांच्या मनात येईल म्हणून सांगतो, औषधाने हा रोग बरा होतो आणि बऱ्या झालेल्यापासून तो कुणाला होत नाही. मात्र हातापायांची गेलेली जाणीव परत येत नाही. पायात खिळा घुसला तरी माणसाला कळत नाही, जखम चिघळते. तिथली निम्मी दुखणी अशीच.

दीपकरावांनी धर्मप्रचाराच्या पत्रकांची एक पिशवी भरून आणली होती. मोहनजींनी ती चहा संपायच्या आत कपाटात ठेवून कुलूप लावलं. "इकडचा कायदा वेगळा आहे, पास्टरजी. सेवा करा, प्रार्थना करा. वाटू काही नका. तुम्ही जाल. आम्ही इथे राहणार."

पाळकांचा चेहरा उतरला. पण पहिल्या रविवारी त्यांनी हुरूपाने सतरंज्या घातल्या, मी ढोलकी घेतली, एस्तेरने गाणं उचललं. कुणी म्हणजे कुणी आलं नाही. आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत गात होतो. शेवटी एक म्हातारी काठी टेकत आली आणि दाराशी बसली. गाणं संपल्यावर आम्ही तिला विचारलं, "बाकीचे कुठे?"

"कामाला," ती म्हणाली. "नेपाळात सुट्टी शनिवारी. चर्चही शनिवारी. काल तुम्ही सामान लावत होतात म्हणून कुणी हाक मारली नाही."

"मग तुम्ही कशा आलात?"

"पाहुणे एकटेच गातायत, बरं दिसत नाही."

ही दिलमाया. पूर्वी भारतातल्या एका दवाखान्यात बरीच वर्षं काढलेली, त्यामुळे हिंदी चांगली. मला ती दाइ म्हणायची, म्हणजे मोठा भाऊ, आणि एस्तेरला भाउजू, म्हणजे वहिनी. वयाने आम्हा दोघांहून मोठी होती, पण तिला ते मान्य नव्हतं.

मी भिंती रंगवल्या, मग खाटांच्या पाट्या घेतल्या. नेपाळी आपल्याच लिपीत लिहितात, त्यामुळे अडलं नाही. दिलमाया शेजारी ऊन खात बसायची आणि चुका काढायची. "सुंतलीची वेलांटी जाड झाली, दाइ. ती तशीच जाड आहे, खूश होईल." सुंतली तिच्या शेजारच्या खाटेवरची. दोघी एका ताटात जेवायच्या आणि दिवसभर भांडायच्या.

एक दिवस दिलमाया म्हणाली, "खाटेवरची पाटी खाटेबरोबर दुसऱ्याला जाईल. मला माझ्या कबरीची करून द्या."

मी ब्रश खाली ठेवला.

"घाबरता काय? मी एकदा मेले आहे. रोग कळला तेव्हा घरच्यांनी मला नदीपार सोडलं आणि मागे तेरावं घातलं. मुलगा लहान होता, त्याने मुंडण केलं. त्यानंतर गावात माझं नाव कुणी घेतलं नाही. पहिल्या वेळी नाव पुसलं, दाइ. या वेळी लिहून ठेवा."

मोहनजींनी गोठ्याचा जुना उंबरा काढून दिला. सालाचं लाकूड, आपल्याकडे पूर्वी रेल्वेच्या रुळाखाली घालत ते. वर्षानुवर्षं ओल पिऊन लोखंड झालेलं. कापता कापता करवतीचे दात बोथट झाले. एक तुकडा हातातून सुटून नदीत पडला, तो दगडासारखा तळाशी गेला. उरलेल्या लाकडाचा मी क्रूस केला, आडव्या फळीवर पांढरा हात दिला आणि निळ्या रंगात लिहिलं: दिलमाया. आडनाव तिने घालू दिलं नाही. "ते त्यांचं आहे."

"किती दिवस टिकेल?" तिने विचारलं.

"उन्हापावसात पाच-सहा वर्षं. मग अक्षरांवरून पुन्हा हात फिरवावा लागतो."

"कोण फिरवणार?"

"मी येईन की."

तिने सुंतलीला हाक मारून सांगितलं, "ऐकलंस? भोपाळहून येणार आहेत. तू मेलीस तर तुझ्यावरही फिरवतील." सुंतली म्हणाली, "आधी तू मर, मग बघू." दोघी इतक्या हसल्या की खोकला लागला.

फेब्रुवारीच्या शेवटी दिलमायाच्या तळपायाची जुनी जखम चिघळून वर सरकली. बुटवलच्या दवाखान्यात नेलं, परत आणलं. ताप उतरेना. एस्तेर तिच्या उशाशी बसून तिला गुंद्रुकाचं, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचं, पातळ, आंबूस सार चमच्याने पाजायची. मार्चमध्ये एका सकाळी तिने घोट तोंडात घेतला आणि गिळला नाही.

एस्तेरने आणि सुंतलीने तिला आंघोळ घातली. मोहनजींनी तिच्या मुलाला फोन केला. त्याने सांगितलं, "माझी आई मी लहान असताना वारली," आणि फोन ठेवला.

पुरायचं कुठे, हा प्रश्न मला इथे बसून कधी कळला नसता. आमच्या कब्रस्तानात जागा कमी म्हणून आम्ही पंच लोक भांडतो, पण जागा आहे. तिथे ख्रिस्ती माणसाला द्यायला जमीनच नव्हती. आश्रमाच्या आवारात पुरायला गावाने आधीच मनाई केलेली. मोहनजी गावच्या वडाध्यक्षांना, म्हणजे निवडून आलेल्या प्रमुखांना, घेऊन आले. पन्नाशीचा माणूस, पायात चिखलाचे बूट, शेतातून तसाच उठून आलेला. म्हणाला, "नदीकाठी, त्या सिमलाच्या झाडाच्या खाली पुरा. पण वर काही नको. ना क्रूस, ना उंचवटा."

दीपकराव उसळले. "हा आमचा हक्क आहे. मी काठमांडूला फोन लावतो."

"लावा," मोहनजी म्हणाले. "शनिवारी तुमची बस आहे. सोमवारी आमच्या नळाचं पाणी बंद होईल. तेव्हा कोणाला फोन लावू?"

मी मध्ये पडलो. अध्यक्षांना म्हटलं, "क्रूस नको तर नको. नुसती पाटी लावू. नुसतं नाव. म्हातारीने दुसरं काही मागितलेलं नाही."

"बुबा," वडीलधाऱ्याला म्हणावं तसं तो मला म्हणाला, आवाज चढवला नाही, "आज एक नाव लागलं की उद्या त्या जागेचा मसणवटा होतो. गावाला उत्तर मला द्यायचं असतं. मी हो म्हणतोय हेच घरी गेल्यावर मला महागात पडणार आहे."

मी पाळकांकडे बघितलं, मोहनजींकडे बघितलं. मग फावडं घेतलं आणि खणायला लागलो. दुसरं काय करणार होतो? त्या खोल्यांत उरलेल्या माणसांचं पाणी तोडून मी तिचं नाव उभं करणार होतो का?

खड्डा झाला, तिला चादरीत उतरवलं, पाळकांनी वचन वाचलं. मूठमाती द्यायच्या आधी सुंतली तो क्रूस दोन्ही हातांनी छातीशी धरून आली. क्रूस लावायचा नाही हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. अध्यक्ष नदीकडे वळले आणि पाठमोरेच म्हणाले, "वर नको म्हटलं मी. आत काय ठेवता ते मला कुठे दिसतंय?"

मी खाली उतरलो आणि क्रूस तिच्या अंगावर ठेवला, अक्षरं वरच्या बाजूला. त्यावर माती लोटली. आजवर मी नावावरची माती पुसत आलो होतो.

उंचवटा नको, म्हणून माती दाबायची होती. आश्रमातली सगळी माणसं त्यांच्या जाड रबरी चपला घालून तिच्यावरून चालली. पुढे, मागे, पुन्हा पुढे. ज्या पायांना जमीन कळत नाही त्या पायांनी त्यांनी ती सपाट केली. सुंतली सगळ्यात शेवटी थांबली. खाली बघून म्हणाली, "आता भांड की."

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. घाटात दरड कोसळून बस अडकली, सोनौलीला दुपारचं जेवण बरं मिळालं, गाडीत एस्तेर खिडकीला डोकं टेकून होती. भोपाळ आलं तेव्हा रिक्षावाल्याने विचारलं, "अंकल, घूम के आ रहे हो?" मी हो म्हटलं.

पुढच्या रविवारी दीपकरावांनी पडद्यावर फोटो दाखवले. आधीच्या काळ्या भिंती, नंतरच्या पिवळ्या भिंती. टाळ्या पडल्या. मग मला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सांगायला, उभं केलं. मी दिलमायाची गोष्ट सांगितली, आत्ता तुम्हाला सांगितली तशीच. टाळ्या पडल्या नाहीत. चहाच्या टेबलापाशी एक जुने स्नेही म्हणाले, "भाऊ, साक्षीत जरा विजयाचं काही हवं होतं." दीपकरावांनी त्यांना ऐकू जाईल अशा बेताने कप आपटला. तिथून आल्यापासून तेही कमी बोलतात.

विजयाचं मला काही आठवत नाही. भिंती रंगवल्या, त्या ओलीने दोन वर्षांत पुन्हा पोपडे धरतील. जावं की नाही असं तुम्ही विचाराल, तर जा म्हणेन. हिवाळ्यात जा, शनिवार मोकळा ठेवा, आणि नक्की मिळेल अशी खात्री नसलेलं काही कुणाला कबूल करू नका. ईस्टरच्या आधी मी नेहमीप्रमाणे आमच्या कब्रस्तानात डबा घेऊन गेलो. एकेक नाव उजळताना वाटत होतं, ही माणसं किती सुखात आहेत.

जुलैच्या अखेरीस मोहनजींच्या नंबरावरून फोन आला. पलीकडे सुंतली होती, ओरडून बोलत होती, मागे पाण्याचा आवाज.

"दाइ, नदी चढली. सिमलाचं झाड गेलं. तो सगळा काठच गेला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दाइ, ऐकताय ना? पाटी लाकडाची होती ना?"

"हो."

"मग तरंगेल. आमच्या सगळ्या नद्या तुमच्याकडेच जातात. खाली कुठेतरी कुणी काढेल, वाचेल. अक्षरं आपली एकच आहेत. तरंगेल ना, दाइ?"

एस्तेर दारात उभी होती. तिला फोनमधलं सगळं ऐकू येत होतं. करवतीचे दात गेलेले तिने बघितले होते, तो तुकडा बुडालेलाही.

"तरंगेल," मी म्हणालो. "तरंगेल, बहिणी."