‘पकडलं’ असं लिहिलेला कागद

साठाव्या वर्षी मी फार हुशार होते. आता बहात्तरीला तेवढी उरले नाही, सुटले एकदाची!

शाळेतून निवृत्त झाले आणि नवी मुंबईत सीवूड्समधल्या एका हेल्पलाइनवर दुपारी फोन घ्यायला लागले. जीव नकोसा झालेल्यांचं ऐकून घ्यायचं. नाव विचारायचं नाही, उपदेश करायचा नाही, आणि शंका आली तर सरळ विचारायचं, “आत्महत्येचा विचार येतोय का?” हा प्रश्न मला कधी विचारवायचा नाही. त्यात आम्हाला हे काम शिकवणाऱ्या बाई मधूनच आवाज बदलून खोटा फोन करायच्या, आमची परीक्षा बघायला. पण मी जन्मभर वर्गात कॉप्या पकडलेल्या. मला फसवतायत होय!

एका दुपारी बाई आतल्या खोलीत गेल्या, दार लोटलं, आणि लगेच फोन वाजला. मी मनात म्हटलं, हा बाईंचाच फोन.

“तुमी कोन? पोलीस नाय ना?”

“नाही हो.”

“फोन टेप करता काय? माज्या सासरी सांगाल.”

बोली तळवली गावाकडची. वा बाई, आज आगरी सोंग! मागे कुकरची शिट्टी झाली. ती मोबाइलवर लावली असणार. मग एकदा ‘नाय’च्या जागी स्वच्छ ‘नाही’ निसटलं, तेव्हा तर मी समोरच्या कागदावर लिहिलं, ‘पकडलं.’

ती सांगत होती, घर भरलेलं आहे, पण मी नसले तरी कोणाचं अडणार नाही. मी हं हं करत होते. परीक्षाच ती, भीती कसली? एरवी न जमणारा प्रश्न मी खणखणीत टाकला.

“आत्महत्येचा विचार येतोय का?”

तिकडे कुकर खाली उतरवल्याचा आवाज आला. मग, “येतंय. आज लय. कोनी इचारलाच नवता.”

मी मार्कांची वाट बघत होते. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि बाई बाहेर आल्या, दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन.

म्हणजे फोन खरा होता.

“घरात आत्ता एकट्या आहात?” माझा आवाज मलाच ओळखू येईना.

“तुमी मगाशी येगल्या बोलत होता,” ती म्हणाली. तिलाही माझ्यातल्या बदलाचा वास आला.

खोटं बोलायचं धाडस उरलं नव्हतं. “हो. मला वाटलं, तुम्ही नाटक करताय. माझं चुकलं.”

“घरात पन सगली तेच बोलतान.”

बाई कप धरून तशाच उभ्या. मी म्हटलं, “मी आता तसं म्हणत नाही. जवळ कोणी आहे?”

“जाव हाय बाजूला. पन ती बोंब मारंल.”

“मारू दे. तुम्ही तिच्याजवळ असाल. हाक मारा, मी फोनवर थांबते.”

तिने फोन बाजूला ठेवला. मग लांबून हाक ऐकू आली, चपलांचा आवाज, कुजबूज, एक हुंदका. आणि कानात एक नवा, खणखणीत आवाज.

“कोन गो तू? काय इकाचा हाय?”

इतकं गोड मला आयुष्यात कोणी झापलं नव्हतं.

“विकायचं काही नाही. आज त्यांना एकटं सोडू नका.”

“ता मना तू सांगाया नको!” आणि फोन आपटला.

चहावर साय धरली होती. बाईंनी तो कागद उचलून वाचला, आणि कप माझ्यापुढे सरकवला.