नाव घेतलं की हाय म्हणायचं

रॅपचं जुनं गाणं 'डार्क' कसं करतात, हे अपेक्षा होवाळ झोपेतून उठवलं तरी सांगेल. आधी गाण्याचा वेग निम्म्यावर आणायचा. मग ढोल, टाळ्या, पोरांचा आरडाओरडा, सगळं काढून टाकायचं. रिकाम्या झालेल्या जागेत पियानोची एकच पट्टी अधूनमधून वाजवायची, आणि एका बाईनं कानाशी येऊन कुजबुजल्यासारखे शब्द म्हणायचे. दोन ओळी झाल्या की शांतता, आणि मग खुर्ची हलेल असा धाडकन आवाज. तेवढ्यात पडद्यावर कुणीतरी मागं वळून बघतो. झालं ट्रेलरचं गाणं. मूळ पोरांनी जे घसा फोडून म्हटलं होतं, त्यातला राग काढून घ्यायचा, त्या जागी हुरहूर भरायची, आणि लोकांनी म्हणायचं, काय खोल झालंय हो! राग होता तेव्हा हेच लोक कानावर हात ठेवत होते.

ती कुजबुजणारी बाई म्हणजे अपेक्षा. दिवसा ती सांगलीत डोळ्यांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते आणि पेशंटची नावं पुकारते. सुट्टीच्या दिवशी विश्रामबागेत विश्वजितच्या स्टुडिओत जाते. विश्वजितचं मुंबई-पुण्याच्या लोकांशी बरं जमतं; कुणाला ट्रेलरला जुनं गाणं हवं असलं की काम त्याच्याकडं येतं. अपेक्षानं तिथं अशी बरीच गाणी कुजबुजली. पोलिसांना शिव्या घालणारी, फी वाढवणाऱ्या कॉलेजला जाब विचारणारी, एक तर चक्क वडापाव महाग झाल्याबद्दलचं. सगळी सारखीच रडवेली केली. तिला कधी काही टोचलं नाही. दुसऱ्यांची गाणी होती ती. टोचायला आपलं असावं लागतं.

मग एका रविवारी विश्वजित म्हणाला, "या वेळी तुझंच गाणं करायचंय. ते कॉलेजातलं, घागरीचं. डिरेक्टरला कुणीतरी ऐकवलं, तो वेडा झालाय."

अपेक्षाला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वीचं गाणं. मेमरी कार्डातून आणि ब्लूटूथनं आटपाडी, जत, कवठेमहांकाळपर्यंत फिरलं होतं आणि नंतर सगळे ते विसरले होते.

त्या गाण्याची गोष्ट अशी. आटपाडीच्या पुढं तिचं गाव. उन्हाळ्यात टँकर यायचा, आधी गावात रिकामा व्हायचा, आणि तळाला उरलेलं पाणी घेऊन बौद्धवस्ती आणि धनगरवस्ती यांच्या मधल्या लिंबाखाली थांबायचा. कधी यायचा याचा नेम नव्हता. दिवसभर बायांनी कामं सोडून उभं कसं राहायचं? म्हणून सकाळीच घागरी ओळीत लावून बाया रानात जायच्या. टँकर दिसला की कुणीतरी ओळीतल्या बायांची नावं पुकारायची. नाव घेतलं की बाईनं जिथं असेल तिथून "हाय" म्हणायचं. हाय आलं, घागर जागेवर. नाही आलं, तर मागची बाई ती घागर पायानं बाजूला सरकवणार, आणि त्यात कुणाला काही वाटून घ्यायचं नव्हतं. नियम म्हणजे नियम.

अपेक्षाचा आवाज मोठा, म्हणून पुकारायचं काम आठवीपासून तिच्याकडं आलं. ते काम भरभर करावं लागे, कारण ड्रायव्हर घाईत असायचा आणि पाइप सोडून निघून जायला टपलेलाच. एका दमात सगळी वस्ती म्हणायची. अकरावीला सांगलीत आल्यावर कॉलेजातल्या पोरांचं रॅप तिनं ऐकलं तेव्हा तिला त्यात काही नवं वाटलं नाही. ती म्हणाली, हे तर मी टँकरला करते.

मग तिनं आणि बिरदेवनं गाणं केलं. बिरदेव धनगरवस्तीतला, तिच्याच वर्गातला, गजीनाचात ढोल वाजवणाऱ्यांच्या घरातला. त्यानं ढोल धरला, तिनं टँकरला, सरपंचाला आणि पाण्यातही पुढं-मागं ठरवणाऱ्या गावाला जे काही म्हणायचं होतं ते म्हटलं. मधेमधे ती नावं पुकारायची आणि बाया उत्तर द्यायच्या. खऱ्या बाया, लिंबाखाली मोबाईलवर भरून घेतलेल्या. "सुलाबाई!" "हाय!" ही तिची आई. "आक्काताई!" "हाय!" ही बिरदेवची. शेवटी "हौसाबाई!", आणि हौसाबाईनं दमेकरी आवाजात दिलेलं उत्तर, "हाय गं, हाय, वरडू नगंस." त्यावर सगळ्या बाया हसलेल्या. ते हसणंही गाण्यात तसंच राहिलं होतं.

विश्वजितच्या काचेच्या खोलीत अपेक्षानं ते गाणं निम्म्या वेगानं म्हटलं. नावं तर अगदी हळू, एकेक अक्षर ओठावर ठेवून. उत्तरं नंतर जोडतील, असं तिनं धरून चाललं. स्टुडिओत आवाज असेच एकावर एक चढतात. तयार गाणं फोनवर आलं ते तिनं दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत ऐकलं आणि तिला ते चांगलं वाटलं. दोनदा ऐकलं. इथंच चूक झाली. जिनं पाच उन्हाळे रोज नावं पुकारली, तिच्या कानात नावामागून उत्तर आपोआप येतं. गाण्यात ते नाहीच, हे तिला कळलंच नाही.

पुढच्या सुट्टीला ती गावाला गेली. आता कालव्याचं पाणी आलंय, टँकर क्वचित येतो, पण दुपारी बाया अजून सुलाबाईच्या अंगणात जमतात. अपेक्षानं फोन एका रिकाम्या पातेल्यात ठेवला, म्हणजे आवाज मोठा येतो, आणि गाणं लावलं.

पातेल्यातून कुजबुज आली, "सुलाबाई..."

सुलाबाई मटकी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हाय."

पियानो वाजला. "आक्काताई..."

"हाय," आक्काताई म्हणाली, आणि मग तिनं इकडंतिकडं पाहिलं. गाण्यात तिचा आवाज आलाच नव्हता. नुसता तिचा खरा आवाज अंगणात एकटा पडला होता.

"हौसाबाई..."

कुणी बोललं नाही. हौसाबाई जाऊन सहा वर्षं झाली. तिची सून पिंकी पातेल्याजवळ सरकून वाकली होती, कान लावून. सासूचा आवाज येईल म्हणून थांबली होती. आला तो धाडकन आवाज. पातेलं थरथरलं.

"आत्तीचं कुठाय?" पिंकीनं विचारलं. "ते हाय गं, हाय, कुठाय?"

"काढलं वाटतं त्येनी," अपेक्षा म्हणाली. बोलताबोलताच तिला समजलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

"काढलं? आत्तीचा तेवढाच आवाज ऱ्हायला हुता आमच्याकडं. फोटूत काय बोलतीया ती?"

सुलाबाईनं सूप खाली ठेवलं. "मला एक सांग. नाव घीतलं आन हाय आलं न्हाई, मंजी काय?"

अपेक्षानं पातेल्यातला फोन उचलून बंद केला.

"मंजी घागर बाजूला. आमी काय मेलोय व्हय गं? आन नावं तरी कशी घेतीयास? कुणाच्या दहाव्याला बसल्यागत. येवढ्या दमानं घीतली असतीस तर टँकर आटपाडीला पोचला असता."

अपेक्षा तशीच उठली आणि सांगलीची गाडी धरली. रागानं तिला खिडकीबाहेरचं दिसत नव्हतं. राग विश्वजितवर होता, त्याहून जास्त स्वतःच्या दोन्ही कानांवर.

विश्वजितनं तिला चहा दिला आणि शांतपणे समजावलं. माणूस वाईट नाही तो. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं. म्हणाला, "सिनेमात गावातल्या बाया पाण्यावाचून मरतात आणि हिरो बदला घेतो. नावं येतात, उत्तर येत नाही, म्हणून तर अंगावर काटा येतो. उत्तरं घातली तर टँकरची लाईन होईल नुसती."

"टँकरचीच लाईन हाय ती."

"अगं, भावना समजून घे."

"जिवंत बायांची नावं हायेत ती. माझ्या आईचं हाय. तुझ्या आईचं नाव असं घालशील?"

त्यानं चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, ट्रेलर पक्का झालाय, साताऱ्यात त्याचा कार्यक्रमही ठरलाय, आता एक सेकंदही हलणार नाही. आणि निरोपादाखल म्हणाला, "तू ये कार्यक्रमाला. गाणं तुझं आहे."

गाणं तुझं आहे! म्हणजे घराबाहेर काढून दारावर नावाची पाटी तेवढी ठेवायची. अपेक्षानं बिरदेवला फोन लावला. तो आता वडापची जीप चालवतो, आटपाडी ते विटा. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "किती जणी हायत्या? जीप काढतो."

साताऱ्याच्या त्या थिएटरात दुपारी गर्दी होती. सिनेमा दुष्काळाचा, पण शूटिंग झालं होतं पाचगणीच्या खाली, कारण युनिटला तिथलं हॉटेल आवडलं. एक हिरवं रान भाड्यानं घेऊन त्यावर माती टाकली होती, हे जयराज नावाचा डिरेक्टर स्टेजवरून अभिमानानं सांगत होता. आमच्या बायांनी जन्मभर मातीचं रान हिरवं करायला हाडं झिजवली, आणि हा पठ्ठ्या हिरव्यावर माती टाकून टाळ्या घेत होता. बाया मागच्या रांगेत बसल्या होत्या, चांगली लुगडी नेसून. सुलाबाईनं खुर्ची दोनदा दाबून बघितली.

दिवे गेले. पियानो वाजला. मातीच्या रानात रिकाम्या घागरी आडव्या पडलेल्या दिसल्या. आणि थिएटरभर अपेक्षाचा आवाज पसरला, कुजबुजत, मोठा, जणू भिंतींनाच तोंड फुटलं होतं.

"सुलाबाई..."

"हाय!"

रानातून लिंबापर्यंत पोचेल असा आवाज होता तो. पुढच्या रांगांतल्या माना वळल्या.

"आक्काताई..."

"हाय!"

कुणीतरी हसलं. कुणीतरी त्याला गप्प केलं.  आता हौसाबाई येणार हे अपेक्षाला माहीत होतं, आणि पिंकी तिच्या शेजारी बसली होती, पदर तोंडात धरून.

"हौसाबाई..."

शांतता. विश्वजितनं मोजूनमापून ठेवलेली ती शांतता.

पिंकीनं तोंडातला पदर काढला. "हाय गं, हाय," ती म्हणाली, अगदी सासूच्या दमेकरी सुरात, "वरडू नगंस."

आणि बाया हसल्या. त्या काळोखात, आडव्या घागरींसमोर, पोटापासून हसल्या, लिंबाखाली हसल्या होत्या तशाच. धाडकन आवाज झाला तो त्या हसण्यावर येऊन आदळला आणि फुकट गेला. पडद्यावर हिरो मागं वळला, पण त्याच्याकडं बघतंय कोण? लोक मागच्या रांगेकडं बघत होते.

दिवे लागले तेव्हा विश्वजित समोरच्या दारातून तिच्याकडं न बघता निघून गेला. त्याच्याकडचं काम तिथं संपलं, हे अपेक्षाला कळलं. ट्रेलर आजही तसाच आहे. फोनवर लावा, नावं येतील, उत्तरं येणार नाहीत. हे खोटं सांगून गोष्ट गोड करण्यात काही हशील नाही.

बाया जीपजवळ पोचल्या तेवढ्यात जयराज धावत आला. रागावला असेल असं वाटलं, पण तो खूश होता. डोळे चमकत होते. "मॅडम, काय होतं हे! कमाल! हे आपण वापरू या. प्रत्येक शहरात या आजींना घेऊन जाऊ, थिएटरात असंच करायचं. आधी एक छोटा व्हिडिओ घेतो, थांबा." त्यानं फोन वर धरला आणि बायांसमोर उभा राहिला. "आई, मी नाव घेतो, तुम्ही मघासारखं म्हणा हां. तसंच, मनापासून."

अपेक्षाच्या तोंडात शिवी आली होती. सुलाबाईनं तिचा दंड धरला.

"सुलाबाई..." जयराजनं पुकारलं. ट्रेलरसारखंच, हळू, ओढून.

सुलाबाई त्याच्याकडं बघत उभी राहिली.

"आक्काताई..."

आक्काताईनं डोक्यावरचा पदर नीट केला. रस्त्यावरून एक एसटी गेली. जयराज फोन धरून थांबला होता, एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं वळवत. तिघी बाया त्याच्याकडं सरळ बघत होत्या आणि कुणाच्या तोंडातून शब्द निघत नव्हता.

"यांना ऐकू येत नाही का?" त्यानं अपेक्षाला विचारलं.

"येतं," अपेक्षा म्हणाली. "तुम्हाला शांतता पाहिजे होती ना? घ्या भरून."

मग तिनं त्याच्याकडं पाठ केली, जीपच्या मागच्या फळीवर पाय ठेवला आणि टँकरच्या आवाजात, एका दमात ओरडली, "सुलाबाई, आक्काताई, पिंकी, हौसाबाई!"

"हाय, हाय, हाय, हाय!" बाया एकापाठोपाठ आत चढल्या. पिंकी दोनदा म्हणाली. बिरदेवनं फळी लावली, कडी घातली आणि गाडी विट्याच्या रस्त्याला काढली.