वाणातलं झुडूप

मला इथे परदेशात, नोव्हाय गावात, उभं केलं ते तांबेरा काकूंनी. हे आधी सांगते, बाकीचं मग. काकू विद्यापीठात झाडांच्या रोगांवर काम करायच्या. पांढऱ्या पाइनवर पडणारा तांबेरा हा त्यांचा वैरी. कुणाकडेही गेल्या की आधी परसातली झाडं बघायच्या, मग चपला काढायच्या. "काकू आल्या, झुडपं लपवा," असं इथल्या मराठी बायका म्हणायच्या.

मी नववीत शाळा सोडलेली. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून फोन वाजला तरी उचलायचे नाही. दिवसभर खिडकीतून मागचा पाइन बघत बसायचे. बर्फातही हिरवं राहणारं तेवढंच एक. २००५ च्या वसंतात त्याच्या एका फांदीवर केशरी फोड आले. घरमालक म्हणाला, सोमवारी झाड पाडतो.

मी काकूंना बोलावलं. गव्हावरच्या तांबेऱ्याचाच हा भाऊबंद, त्या म्हणाल्या, पण पाइनवरून थेट पाइनवर जात नाही, मध्ये त्याला करंट नावाचं आंबट फळांचं झुडूप लागतं. ते आमच्या कुंपणाशीच होतं, आधीच्या भाडेकरू वहिनींनी लावलेलं. त्याची फळं आमटीत आंबटाला चालतात, म्हणून चैत्राच्या हळदीकुंकवाला त्याच्या फांद्या परसात लावायला वाण म्हणून वाटायची पद्धतच पडली होती. मराठी घराघरांत ते पोचलं होतं.

काकूंनी आमचं उपटलं आणि बाकीची उपटायला त्या दारोदार निघाल्या. एक मावशी अडून बसल्या. वाण उपटणं म्हणजे अपशकुन.

"तो मला लागू दे," काकू म्हणाल्या. "तुम्ही फावडं द्या."

घरमालकाशी मात्र त्या बोलेनात. "झाड तुझ्या खिडकीतलं. पाडणं कॅन्सल तूच करून घे."

फोड खोडापासून वीतभर लांब होते, म्हणजे खोड वाचणार होतं. मी घरमालकाला वीत दाखवली आणि म्हणाले, "नो कट ट्री. कट ब्रँच." तो काकूंकडे बघायला लागला. काकू ढग बघत राहिल्या. मी पुन्हा तेच म्हणाले, मोठ्यानं. तो गेला आणि करवत घेऊन आला. काकूंचे गुडघे गेलेले, त्यांनी शिडी धरली. फांदी मी कापली.

२००८ साली काकूंची बदली उत्तरेच्या जंगलात झाली. त्या निघताना मी रडायला लागले तर म्हणाल्या, "रडतेस काय? दर वसंतात फांद्या बघ. फोड दिसला तर कुणाला विचारत बसू नकोस."

पाइन अजून उभा आहे. मी आता गाडी शिकतेय. काकू, एक दिवस एकटी ड्राइव्ह करत तिकडे येईन. शिडी तुम्ही धरा, तुमच्या जंगलातल्या फांद्या मी कापीन.