थावरीचं नाव

गणूकाका कुठल्याही घरी पूजेला गेले की आधी चहा मागत. पोथी पिशवीतच. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ पाट ओढून बसत आणि यंदा कोण गेलं, कोणाचं बाळंतपण झालं, कोणाशी बोलणं बंद आहे, सगळं विचारून घेत. अर्धा तास त्यातच जाई. "काका, मुहूर्त," असं मी हळूच म्हटलं की म्हणत, "भिया देवासकर, पोथी कहीं भागी नहीं जा रही. माणूस जातो."

मी देवासचा. पौरोहित्यात एम.ए. करत होतो. पदवीसाठी सहा महिने एखाद्या जुन्या पुरोहिताच्या हाताखाली काम करून त्याची सही आणायची अट होती, म्हणून वडिलांनी मला धारला काकांकडे पाठवलं. काकांनी शाळा चौथीतच सोडलेली. माझं सगळं शिक्षण हिंदीतून. मराठी वाचताना ओळीखाली बोट ठेवावं लागे, संस्कृत मात्र फाडफाड. काकांच्या उच्चारातल्या चुका मी वहीत टिपून ठेवत असे. त्यांना ते ठाऊक होतं. "लिही, लिही," म्हणत, "परीक्षेत कामाला येईल."

पितृपक्षात आम्ही अप्पासाहेबांकडे गेलो. पीथमपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. मुलगे, सुना, व्याही, सगळे जमलेले. गेलेल्यांची नावं गोत्रासह घेत काका अप्पासाहेबांकडून एकेक पिंड ठेववत होते. वडील, आजोबा झाले, आई झाली, आत्या, मावशी झाल्या, आणि शेवटी काका पुटपुटले, "काश्यपगोत्र, थावरी."

नावांचा कागद माझ्या हातात होता. त्यात हे नाव नव्हतं. मी सगळ्यांसमक्ष खणखणीत आवाजात म्हणालो, "काका, चुकलं. हे गोत्र या घराचं नाही, आणि या नावाचं कुळात कोणी नाही."

थोरल्या सुनेनं विचारलं, थावरी कोण? अप्पासाहेबांच्या हातातला पिंड हातातच राहिला. ते खाली बघत होते. काका लगेच म्हणाले, "माझीच चूक. वय झालं, दुसऱ्या घरचं नाव तोंडात आलं." अप्पासाहेबांच्या हातातला पिंड घेऊन त्यांनी परत ताटात ठेवला. मला वाटलं, जिंकलो. अगदी असंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

परतताना बाजारात त्यांनी लूना थांबवली आणि मला सांगितलं. अप्पासाहेबांची आई बाळंतपणातच गेली. घरी कामाला असलेल्या, डहीकडच्या आदिवासी पाड्यातल्या थावरीनं त्यांना स्वतःच्या अंगावर पाजून वाढवलं. घरात ही गोष्ट कोणी कधी काढली नाही. थावरी गेल्यापासून दरवर्षी, चहा घेताना, अप्पासाहेब काकांकडे बघून नुसती मान हलवत आणि काका तिचं नाव घेत. नावांच्या त्या रांगेकडे घरातलं कोणी लक्ष देत नसे. आणि गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप घ्यावं, हे मी परीक्षेत कितीदा तरी लिहून आलो होतो.

मी माफी मागायला निघालो, तर काकांनी हात धरला. "आता गेलास तर सगळं घर त्यांना जाब विचारेल. राहू दे." मला ते एकदाही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्या प्रमाणपत्रावर "पाठांतर उत्तम" एवढंच लिहून त्यांनी सही केली. मला प्रथम श्रेणी मिळाली.

काका गेल्या थंडीत गेले. यंदा पितृपक्षात अप्पासाहेबांनी मलाच बोलावलं. मी आधी चहा मागितला. त्यांच्याजवळ पाट ओढून बसलो, घरचं सगळं विचारलं, वाट पाहिली. मान हलली नाही. तरीही एक पिंड मी जास्तीचा करायला सांगितला होता. नावं संपल्यावर थांबलो आणि विचारलं, "अप्पासाहेब, आणखी कोणी राहिलं आहे का?"

त्यांनी मुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाही, गुरुजी. तुमच्या कागदावर आहेत तेवढेच."

मी पुढचा मंत्र म्हटला. उच्चार अगदी शुद्ध होता.